लिव्ह, स्टे की रिमेन? 'राहणे' इंग्रजीत नेताना

गावात राहणं, पाहुणा म्हणून चार दिवस राहणं, दुकान बंद राहणं, दोनच जागा राहणं: मराठीत एका 'राहणे'वर सगळं भागतं. इंग्रजीत प्रत्येक वेळी निवड करावी लागते. सर्वांत जास्त गल्लत होते ती लिव्ह आणि स्टे यांच्यात.

निवडीची खूण आपल्या अर्जातच सापडते. 'रा. कंधार, ह. मु. नांदेड' असं आपण लिहितो. रा. म्हणजे राहणार, तिथं लिव्ह. ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम, तिथं स्टे. फक्त एक सावधगिरी हवी. कागदावरचा 'ह. मु.' कधीकधी वीस वर्षं तसाच असतो. बायको-मुलं, चूल, नोकरी सगळं नांदेडात असेल, तर कागद काहीही म्हणो, 'आय लिव्ह इन नांदेड' हेच बरोबर.

लातूरला नीटच्या तयारीसाठी दोन वर्षं खोली करून असलेल्या मुलानं काय म्हणावं? 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन लातूर'. इंग लावला की लिव्हलाही 'सध्यापुरतं' असा अर्थ येतो. तोच मुलगा परीक्षेला संभाजीनगरला जाऊन मावशीकडे दोन रात्री थांबला, तर 'आय स्टेड विथ माय आंट'. माणसाकडे राहिलात तर विथ, लॉजवर किंवा हॉटेलात राहिलात तर अ‍ॅट, शहरात राहिलात तर इन.

'व्हेअर डू यू स्टे?' हा प्रश्न भारतभर घराचा पत्ता विचारायला वापरतात, स्कॉटलंडमध्येही वापरतात. म्हणून त्याला सरसकट चूक म्हणता येत नाही. पण लंडनच्या किंवा अमेरिकेतल्या माणसाला त्यातून 'कुठं उतरलात?' असं ऐकू येतं. परदेशी कंपनीची मुलाखत किंवा आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा असेल, तर घरासाठी लिव्हच धरा.

खरी घसरण होते ती काळात. 'आय अ‍ॅम स्टेइंग इन लातूर सिन्स टू इयर्स' या एका वाक्यात दोन ठिकाणी बिघाड आहे. 'दोन वर्षांपासून' याचा शब्दशः उतारा केला की सिन्स येतो. पण सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण लागतो (सिन्स 2023), कालावधीपुढे फॉर. आणि तेव्हापासून आजवर चालू असलेल्या गोष्टीला हॅव लागतो. म्हणून 'आय हॅव लिव्ड इन लातूर फॉर टू इयर्स'.

रिमेनचं काम वेगळं. पाहुणा रिमेन होत नाही. असलेली स्थिती तशीच पुढं चालली, की रिमेन. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. अशा पाटीवर 'रिमेन क्लोज्ड' शोभतं. बोलताना स्टेही चालतो: 'स्टे काम' (शांत राहा). 'उरणे' या अर्थी मात्र रिमेनच: 'ओन्ली टू सीट्स रिमेन'. तिथं स्टे अजिबात बसत नाही. शाळेच्या अर्जांत 'ही रिमेन्ड अ‍ॅब्सेंट' सर्रास दिसतं. साधं 'ही वॉज अ‍ॅब्सेंट' पुरेसं आहे.

रिसाइड फक्त प्रतिज्ञापत्रात आणि फॉर्मवर. बोलताना तो अवघडलेला वाटतो.

एसटी दहा मिनिटं थांबते तेव्हा ती स्टे करत नाही, स्टॉप होते. तास संपल्यावर थांबायला सांगताना आपल्याकडे 'स्टे बॅक' म्हणतात. ब्रिटिश वापरात 'स्टे बिहाइंड'.

राहता राहिला कोर्टाचा स्टे. तो म्हणजे स्थगिती, आणि ती आदेशाला किंवा चालू कारवाईला मिळते: 'द कोर्ट स्टेड द ऑर्डर'. 'जमिनीवर स्टे आणला' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जमीन विकायला किंवा तिच्यात शिरायला मनाई झालेली असते. त्या मनाई हुकमाला इंग्रजीत इंजंक्शन म्हणतात. वकिलाला इंग्रजीत मेल लिहिताना हे दोन शब्द अदलाबदल करू नका.