दादर पश्चिमेचे रजोनिवृत्ती क्लिनिक: माझा अनुभव

चाळिशीच्या आतच माझी पाळी थांबली आणि ओटीपोटात दुखू लागले, तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी दोन्हींचे खापर ताणावर फोडले होते. त्यामुळे या छोट्या क्लिनिकमध्ये मिळालेली वागणूक मला फार मोलाची वाटते. डॉक्टरबाईंनी एकाच रिपोर्टवर निदान न करता एफएसएचची (अंडाशयाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या हार्मोनची) तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करायला लावली आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅनही सांगितला. हार्मोन थेरपीची मला धास्ती होती. या वयात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन न मिळाल्यास हाडे आणि हृदय या दोन्हींना धोका असतो, म्हणून साधारण ५० वर्षांपर्यंत ते घेणे हिताचे, गर्भाशय असल्यास अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन हवेच, आणि त्वचेवाटे घेतल्यास रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो, हे त्यांनी शांतपणे उलगडून सांगितले. इस्ट्रोजेनचे जेल मांडीवर पातळ पसरून पूर्ण वाळू द्यायचे, मगच कपडे घालायचे, हे तिथल्या सिस्टरांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

सोनोग्राफीत काही आढळले नाही, तरी दुखणे खोटे ठरवले गेले नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) सोनोग्राफीत दिसतोच असे नाही, हे सांगून त्यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासले. ते आखडलेले निघाल्याने फिजिओथेरपी सुरू झाली. दुखणे पूर्ण गेलेले नाही, परंतु लोकलचा प्रवास आता सोसवतो.

खटकले ते एवढेच, की काउंटरवर सर्वांसमोर मोठ्याने तक्रार विचारली जाते. हे तातडीने बदलायला हवे.