लिचेस: आकडा झाकून एक वर्ष

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर मी सहा वर्षं खेळतेय. त्यातली पाच वर्षं माझं रॅपिडचं (मध्यम वेळाच्या डावांचं) रेटिंग, म्हणजे हार-जितीवर चढणारा-उतरणारा ताकदीचा आकडा, १६२० च्या आसपास अडकलेलं, आणि मी ते मुदत ठेवीसारखं जपत होते. १६४० दिसलं की चार दिवस साइट उघडायचीच नाही. आणि तीन डाव सलग हरले की गेलेले गुण परत आणायला चौथा लावायचा, तोही वजीर फुकट देऊन घालवायचा.

मग सेटिंगमध्ये रेटिंग लपवायची सोय सापडली. फक्त डाव चालू असताना लपवता येतं, नाहीतर कायमचं. मी कायमचंच लपवलं. पहिला आठवडा चुळबुळीत गेला. समोरचा तगडा की कच्चा, काही कळेना. पण पूर्वी समोर १८०० दिसलं की मला त्याच्या प्रत्येक चालीत कट दिसायचा. त्याने उंट नुसता विसरून ठेवला असला तरी मारायला हात धजायचा नाही. आकडा गेला, आणि मी उंट मारायला लागले.

(एलो या रेटिंगच्या जुन्या पद्धतीच्या हिशोबाने, रेटिंग १०० ने कमी असलेल्याशीही १०० डावांत (जिंकला तर एक, बरोबरीला अर्धा) साधारण ६४ च गुण आपले. लिचेसची पद्धत ग्लिको-२, पण कच्च्याकडूनही अधूनमधून हरण्यातून कुठल्याच पद्धतीत सुटका नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरीच झोप वाचली असती.)

दुसरी आवडती सोय ‘चुकांमधून शिका’. संगणकाचं विश्लेषण मागितलं की आपण जिथे जिथे घसरलो तिथे पट थांबतो आणि बरी चाल आपल्यालाच शोधायला लावतो. मी मात्र त्याआधी डाव एकटीने पाहते आणि त्या त्या चालीला मनात काय होतं ते वहीत लिहिते. स्टॉकफिश, म्हणजे ते विश्लेषण करणारं बुद्धिबळाचं इंजिन, त्यानंतर. वहीत एकच वाक्य फिरून फिरून येतं: ‘त्याची चाल बघितलीच नाही, माझ्याच बेतात होते.’ इंजिन घोडचुकीची दोन प्रश्नचिन्हं टाकून मोकळं होतं. ती घाई होती, भीती होती की माज, ते ज्याचं त्याला ठाऊक.

पझल्स (तयार स्थितीत योग्य चाल शोधायची कोडी) हवी तेवढी सोडवा, पण त्यांचं रेटिंग चढलं म्हणून हुरळू नका. पझलमध्ये इथे काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं. डावात कानात येऊन कुणी सांगत नाही. पझल स्टॉर्म (घड्याळ लावून भराभर कोडी सोडवायची) तर मी बंदच केलं, तीन मिनिटं म्हणता म्हणता रात्र जाते.

बाकी सगळं फुकट, जाहिरात एक नाही, कारभार देणग्यांवर. साइट २०१० पासून चालू आहे. तारे द्यायचे तर पाचही.

वर्षभराने परवा आकडा उघडला: १६७१. मग लगेच लावलेल्या डावात बाराव्या चालीला बरोबरी मागितली. पुन्हा झाकलाय.