अन्नातली ऊर्जा मोजण्याचा शालेय संच: सामान उत्तम, चलांचा तक्ता कच्चा

पत्र्याचा डबा, स्टँड, तापमापी, टाचणी खोचलेलं बूच, वाऱ्याला आडोसा आणि 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. टाचणीवर पदार्थ खोचून पेटवायचा आणि वरच्या डब्यातलं पाणी किती तापतं ते मोजायचं. डबा स्टँडवर डगमगत नाही, आडोसाही कामाचा आहे. घोडं पेंड खातं ते सोबतच्या पुस्तिकेत.

'चल ओळखा' या तक्त्यात स्वतंत्र चल (आपण मुद्दाम बदलतो ते) अन्नपदार्थ, हे ठीक. अवलंबी चल (त्यामुळे बदलतं आणि आपण मोजतो ते) मात्र 'पाण्याच्या तापमानातली वाढ' असं छापलंय आणि कृतीत एक शेंगदाणा, मग अर्धा अक्रोड जाळायला सांगितलाय. शेंगदाणा जेमतेम 0.6 ग्रॅमचा, अक्रोडाची फोड 2 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पदार्थासोबत वजनही बदललं! पाणी कितीतरी जास्त तापतं आणि अक्रोडात दुप्पट-तिप्पट ऊर्जा असल्याचा निष्कर्ष वहीत उतरतो. प्रत्यक्षात ग्रॅममागे शेंगदाण्यात सुमारे 5.7 आणि अक्रोडात 6.5 किलोकॅलरी असतात.

त्यामुळे छापलेलं खोडून 'ग्रॅममागे मिळालेली ऊर्जा' लिहा. जाळण्याआधी आणि विझल्यावर वजन करा, फरक तेवढं जळलं. 50 मिली पाणी 25 अंश सेल्सिअसने तापलं आणि 0.5 ग्रॅम जळलं, तर 1250 कॅलरी (1 मिली पाणी 1 अंशाने तापायला साधारण 1 कॅलरी लागते), म्हणजे ग्रॅममागे 2.5 किलोकॅलरी. खऱ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी, पण या उघड्या मांडणीत तेवढंच हाती लागतं. बरीचशी उष्णता हवेत जाते, थोडी डबा तापवण्यात, आणि काजळी म्हणजे न जळलेला कार्बनच.

इथे वजनकाटा तोकडा पडतो. 0.5 ग्रॅममध्ये 0.1 ची चूक म्हणजे उत्तरात 20 टक्के. प्रयोगशाळेतला 0.01 ग्रॅमचा काटा वापरा.

नियंत्रित चलांत (दर वेळी सारख्या ठेवायच्या गोष्टींत) पाण्याचं प्रमाण, सुरुवातीचं तापमान आणि ज्योत-डबा अंतर एवढंच दिलंय. काजळीचा उल्लेखच राहिला. आधी सगळे शेंगदाणे आणि मग सगळे अक्रोड जाळले, तर अक्रोडाच्या वाट्याला काजळलेला डबा येतो. दर वेळी बूड पुसा, डबा निवू द्या, पाणी बदला, पदार्थ आलटूनपालटून घ्या. पेटवणंही डब्यापासून दूर, नाहीतर काडीची उष्णता हिशेबात शिरते. तापमापी बुडाला टेकवू नका, आणि ज्योत विझल्यावर पाणी ढवळून सर्वांत वरचा आकडा टिपा.

सामानासाठी घ्यायला हरकत नाही. शेंगदाणा-अक्रोडाच्या ॲलर्जीची सूचना मात्र पुस्तिकेत कुठेच नाही, ती शिक्षकांनीच आधी द्यावी.