एकट्याचा पूल सराव: घोस्ट, इक्वल ऑफेन्स, फार्गो की स्टेपचा ड्रिल?

पूलच्या (काठीने बॉल पॉकेटात पाडायच्या खेळाच्या) टेबलावर एकटं असलं की बहुतेक जण बॉल पसरवतात आणि जो सोपा दिसेल तो पॉट करत, म्हणजे पॉकेटात पाडत राहतात. तासभर हात चालतो, मजाही येते. पण महिन्यानंतर ‘खेळ सुधारला का?’ असं कुणी विचारलं तर ‘वाटतं तरी तसं’ यापलीकडे उत्तर देता येत नाही. गुण मोजता येतील असे एकट्याचे खेळ याचसाठी आहेत. प्रश्न इतकाच की त्यातला कोणता धरायचा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासून बघता येईल. मोजणं आणि सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकच खेळ दोन्ही नीट करत नाही. सगळ्यात जास्त खेळला जाणारा घोस्ट बहुतेक खेळाडूंसाठी मोजायला सगळ्यात कच्चा आहे.

घोस्ट: लोकप्रिय, पण कोणासाठी?

नियम सोपे आहेत. नाइन बॉलचा (नऊ बॉलांचा, नंबरच्या क्रमाने खेळायचा प्रकार) रॅक लावा, म्हणजे बॉल एकत्र रचा, ब्रेक करून ती रचना फोडा, मग क्यू बॉल (ज्याला काठीने मारतात तो पांढरा बॉल) हातात घेऊन हवा तिथे ठेवा आणि १ नंबरपासून क्रमाने टेबल साफ करा. साफ झालं तर रॅक तुमचा. एक जरी चुकला तरी रॅक ‘घोस्ट’चा, कारण हा काल्पनिक प्रतिस्पर्धी कधीच चुकत नाही. आधी सात किंवा नऊ रॅक जिंकेल तो विजेता.

याची ताकद दडपणात आहे. आठव्या बॉलवर आल्यावर हात जसा जड होतो, तसा दुसऱ्या कुठल्याही एकट्याच्या खेळात होत नाही. स्पर्धा जवळ आली असेल तर यासारखी तयारी नाही.

मोजमापाचं मात्र वेगळं आहे. समजा प्रत्येक शॉट तुम्ही सरासरी ७० टक्के वेळा पाडता. खरा खेळ इतका सरळ नसतो, काही शॉट सोपे तर काही अवघड असतात, पण अंदाजाला एवढं पुरेसं आहे. सलग नऊ बॉल पडण्याची शक्यता मग जेमतेम ४ टक्के उरते. दहा रॅक खेळलात तर तीनपैकी दोन वेळा निकाल ०-१० असाच लागेल. आता मेहनत करून तुम्ही ७० वरून ७५ टक्क्यांवर आलात असं धरू. ही मोठी प्रगती आहे. तरीही रॅक साफ होण्याची शक्यता फक्त साडेसात टक्के होते, आणि दहा रॅकच्या निकालात हा फरक दिसतच नाही. सहा बॉल पाडून सातवा चुकला आणि पहिलाच चुकला, या दोन्हींची नोंद घोस्टमध्ये एकसारखीच होते. झालेली प्रगती त्यातच हरवते.

९५ टक्क्यांच्या खेळाडूसाठी तोच रॅक साधारण ६३ टक्के वेळा साफ होतो. त्याच्या हातात घोस्ट हे चांगलं मोजमाप आहे. बाकीच्यांनी घोस्ट खेळायचाच असेल तर बॉल कमी करावेत. तीन बॉल पसरवून क्रमाने साफ करायचे ठरवले तर ७० टक्केवाल्याला साधारण तीनपैकी एक आणि ८० टक्केवाल्याला दोनपैकी एक रॅक मिळतो. दोनपैकी एक रॅक जिंकू लागलात की एक बॉल वाढवा. निम्म्याच्या आसपास जिंकणं-हरणं होतं तिथेच हा खेळ तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगतो.

इक्वल ऑफेन्स: माझी पहिली पसंती

जेरी ब्रिसाथ या अमेरिकन प्रशिक्षकाच्या नावाशी हा खेळ जोडलेला आहे आणि बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिकाच्या नियमपुस्तकातही तो आहे. पंधरा बॉलचा रॅक, मनसोक्त ब्रेक. ब्रेकवर काही पडलं तर ते परत टेबलावर येतं, क्यू बॉल पॉकेटात गेला तरी दंड नाही. मग क्यू बॉल हेड स्ट्रिंगच्या (ब्रेक मारायच्या बाजूच्या रेषेच्या) मागे हातात घ्यायचा आणि बॉल व पॉकेट सांगून, हव्या त्या क्रमाने पाडत जायचं. प्रत्येक बॉलला एक गुण. चुकलात, फाऊल झाला किंवा वीस गुण झाले की डाव संपला. चौदा बॉल पडले की स्ट्रेट पूलसारखा (हवा तो बॉल सांगून सलग पाडत राहायचा प्रकार) पुन्हा रॅक लावून वीसपर्यंत जायचं. असे दहा डाव, कमाल २०० गुण.

इथे प्रत्येक बॉल मोजला जातो. आधीच्याच हिशोबाने ७० टक्केवाल्याला साधारण २३ गुण मिळतील, ७५ ला ३०, ८० ला ४० आणि ९० ला ७९. म्हणजे घोस्टमध्ये जी पाच टक्क्यांची प्रगती दिसत नव्हती ती इथे सात गुणांनी दिसते.

तरी एका दिवसाच्या गुणांवर उड्या मारू नयेत आणि खचूनही जाऊ नये. ज्याची सरासरी ४० आहे त्याचे एका बैठकीतले गुण सहज १४ ने खालीवर होतात. काल ५२ आणि आज २८, हे एकाच खेळाडूचं एकाच फॉर्ममधलं चित्र असू शकतं. पाच बैठकींची सरासरी घेतलीत तर हा हेलकावा सहाच्या आसपास येतो आणि मग आकड्यावर विश्वास ठेवता येतो. म्हणून मी पाचच्या गटातच तुलना करायला सांगेन: हा गट आणि मागचा गट.

या खेळातून आणखी एक गोष्ट मिळते, ती गुणांइतकीच मोलाची आहे. दहा डाव म्हणजे (विसाचा एखादा डाव सोडला तर) दहा शेवट. प्रत्येक शेवटासमोर कारण लिहा: सोपा शॉट चुकला, लांबचा चुकला, पोझिशन (पुढच्या शॉटसाठी क्यू बॉलची जागा) गेली म्हणून अवघड शॉट घ्यावा लागला, बॉल अडकले होते, क्यू बॉल पॉकेटात गेला. दोन-तीन बैठकींत एक कारण बाकीच्यांच्या वर डोकं काढतं. बहुतेकांना वाटतं आपला नेम कच्चा आहे. लिहायला लागल्यावर अनेकदा कळतं की नेम बरा आहे, क्यू बॉल चुकीच्या जागी थांबतोय.

याची उणीव अशी की हव्या त्या क्रमाने पाडायची मुभा असल्यामुळे नाइन बॉल किंवा टेन बॉल खेळणाऱ्याचं क्रमाचं कौशल्य इथे तपासलं जात नाही.

फार्गो: निर्णयाचा खेळ

ही उणीव माइक पेज यांचा फार्गो भरून काढतो. पंधरा बॉलचा रॅक फोडायचा, क्यू बॉल हातात घ्यायचा. सुरुवातीला हवा तो बॉल पाडा, प्रत्येकी एक गुण. मग कुठल्याही क्षणी ‘आता रोटेशन’ असं ठरवायचं. तिथून पुढे सगळ्यात लहान नंबरच्या क्रमाने पाडायचं आणि प्रत्येक बॉलला दोन गुण. एकदा रोटेशनला गेलात की मागे फिरता येत नाही. चुकलात की रॅक संपला. दहा रॅक, आणि सुरुवातीपासून रोटेशननेच साफ केलं तर एका रॅकचे ३०, एकूण ३००.

वरवर बघता हा इक्वल ऑफेन्सचाच भाऊ वाटेल, पण खरी मजा त्या एका निर्णयात आहे. बहुतेक जण फार उशीर करतात. हिशोब करून बघा: मुक्त क्रमाने तुमचे सरासरी सहा बॉल पडत असतील आणि रोटेशनने चार, तर मुक्त खेळून सहा गुण आणि रोटेशनने आठ. तुमची रोटेशनची सरासरी मुक्त सरासरीच्या निम्म्याहून जास्त असेल आणि टेबल मोकळं असेल तर थांबण्यात तोटाच आहे. थांबायचं ते चिकटलेले बॉल सोडवण्यापुरतं. घड सुटला, वाट अडवणारे दोन-तीन बॉल गेले, की वळा. टेबल वाचायची सवय याने लागते तशी इतर कशानेच लागत नाही, आणि मधल्या पातळीच्या खेळाडूला नेमकी हीच गोष्ट पुढे नेते.

याच पेज यांचं नाव फार्गोरेट या रेटिंगशीही जोडलेलं आहे, पण ती वेगळी गोष्ट. ते रेटिंग खऱ्या खेळाडूंमधल्या सामन्यांवरून निघतं. एकट्याने खेळलेल्या फार्गोचे गुण त्यात मोडत नाहीत.

बोलिआर्ड्स आणि हाय रन

बोलिआर्ड्समध्ये दहा बॉलचा रॅक आणि गुण बोलिंगसारखे: दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन डाव, पहिल्याच डावात दहाही पडले तर स्ट्राइक, कमाल ३००. बोलिंगचे गुण लिहिता येत असतील तर हा खेळ रंगतो. मोजमाप म्हणून मात्र बोनसमुळे नशिबाचा भाग फुगतो, आणि चांगला खेळाडू दहा बॉलच्या मर्यादेला लवकर टेकतो. कंटाळा आलेल्या दिवसासाठी ठेवा.

स्ट्रेट पूलच्या हाय रनला (न चुकता सलग पाडलेल्या बॉलांच्या सर्वोच्च आकड्याला) मोठी परंपरा आहे. विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये आठ फुटी टेबलावर सलग ५२६ बॉल पाडले. २०१९ मध्ये जॉन श्मिट ६२६ वर पोहोचले आणि २०२२ मध्ये जेसन शॉ ७१४ वर. चौदा बॉल पाडून पंधरावा पुढच्या रॅकच्या ब्रेकसाठी योग्य जागी राखून ठेवणं यातून जे नियोजन अंगात भिनतं, त्याची सर कशालाच नाही. पण ‘माझा सर्वोच्च आकडा’ हे प्रगतीचं फसवं माप आहे. ८० टक्केवाल्याचा दहा प्रयत्नांतला सर्वोत्तम आकडा साधारण १२-१३ असतो. त्याच खेळाडूचा, तेवढ्याच कौशल्यावर, शंभर प्रयत्नांतला २२-२३. आकडा जवळपास दुप्पट झाला, खेळ तिथेच राहिला. स्ट्रेट पूल जरूर खेळा, पण सर्वोच्च नाही, सरासरी लिहा.

आणि सुधारण्यासाठी?

वरचे सगळे खेळ काय बिघडलंय ते दाखवतात. दुरुस्ती त्यांत होत नाही. एका बैठकीत तुमचा तो कच्चा शॉट कदाचित दोनदाच येईल. दुरुस्तीसाठी स्टेपने वाढणारा ड्रिल हवा, म्हणजे एकच शॉट पायरीपायरीने अवघड करत पुन्हा पुन्हा मारायचा सराव. बॉब ज्युएट या प्रशिक्षकांनी या पद्धतीचा बराच पुरस्कार केला आहे.

उदाहरण सरळ शॉटचं घेऊ. ऑब्जेक्ट बॉल (पाडायचा बॉल) पॉकेटपासून ठरावीक जागी ठेवा, खूण करा. क्यू बॉल सरळ रेषेत जवळ ठेवून सुरू करा. पाडला तर अर्धा डायमंड (टेबलाच्या कडेवरच्या दोन खुणांमधलं अंतर) मागे, चुकला तर अर्धा डायमंड पुढे. वीसेक शॉटनंतर तुम्ही एका अंतराच्या आसपास घुटमळू लागाल. ते अंतर म्हणजे तुमची ५०-५० ची जागा. मागे जाण्यासाठी सलग दोन पाडण्याची अट घातली तर हीच जागा सुमारे ७० टक्क्यांची होते, आणि सरावाला मला ती जास्त आवडते, कारण चुकण्याचा कंटाळा येत नाही. स्टॉप शॉट (क्यू बॉल जागीच थांबवणारा), ड्रॉ (क्यू बॉल मागे आणणारा), कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटलेला बॉल, काहीही या साच्यात बसतं. सुधारलात की अंतर वाढतं, इंचांत. याहून प्रामाणिक आकडा मला माहीत नाही.

नवीन असाल तर निम्म्याहून जास्त वेळ या ड्रिललाच द्या, आणि आठवड्यातून एकदा इक्वल ऑफेन्स. तिथे गुण ४० च्या पुढे स्थिरावले आणि नाइन बॉल किंवा टेन बॉल हा तुमचा मुख्य खेळ असेल, तर मोजमापाचं काम फार्गोकडे द्या. एट बॉलच (जिथे नंबरचा क्रम लागत नाही) खेळत असाल तर बदलायची गरज नाही. पूर्ण नऊ बॉलचा घोस्ट रॅक तीनपैकी एक तरी साफ होत नाही तोवर कमी बॉलांचाच घोस्ट खेळा, आणि तोही स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे.

टेबल मात्र बदलू नका, किंवा बदललं तर वहीत नवं पान घ्या. स्पर्धांच्या मानकाप्रमाणे कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच असतं, पण टेबलं त्याहून घट्टही असतात आणि सैलही. आठ फुटी सैल टेबलावरचे ५० गुण आणि नऊ फुटी घट्ट टेबलावरचे ३५ यांत कोणते चांगले, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.