चेस काउंटीच्या नोंदणीकृत वास्तू : कचेरी, गोठा आणि पूल

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांत वसलेल्या चेस काउंटीची, म्हणजे तिथल्या एका छोट्या जिल्ह्याची, लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार जेमतेम अडीच हजारांच्या घरात आहे. तरीही अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या काउंटीतील वास्तू चांगल्या संख्येने आहेत आणि त्यांतील तीन-चार तरी खास वाट वाकडी करून पाहाव्यात अशा आहेत. विचिटाहून गाडीने साधारण सव्वा तासात आणि कॅन्सस सिटीहून सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर मात्र कोणी निघू नये.

या सर्वांत उजवी वास्तू म्हणजे कॉटनवुड फॉल्स या काउंटीच्या मुख्य गावातील, १८७३ साली पूर्ण झालेली न्यायालयाची इमारत. वास्तुकार जॉन हॅस्केल यांनी फ्रेंच धाटणीने रचलेली ही इमारत स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधलेली असून, वर तीव्र उताराचे लाल छप्पर आणि घड्याळाचा मनोरा आहे. विटांनी बांधलेला ब्रॉडवे नावाचा रस्ता थेट तिच्या पुढ्यात येऊन थांबत असल्यामुळे एवढ्याशा गावात ती आहे त्याहून भव्य वाटते. आत गेल्यावर काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा, मजल्यामागून मजला वळत वर जाणारा जिना आवर्जून पाहावा. कठड्याचा वळसा इतका सलग आहे की सांधा शोधत वर कधी पोहोचलो ते कळत नाही. जुन्या तुरुंगाची कोठडीही याच इमारतीत आहे. परंतु तिचे खरे मोल या शोभेत नाही. कॅन्ससमध्ये आजही वापरात असलेली ही काउंटी न्यायालयाची सर्वांत जुनी इमारत आहे, आणि रोज उघडझाप होणाऱ्या दारांमुळे जो जिवंतपणा येथे टिकला आहे, तो दोरी बांधून जपलेल्या दालनांत सहसा सापडत नाही. अर्थात, सरकारी कचेरी असल्याने शनिवारी-रविवारी आत जाता येईल असे गृहीत धरू नये. सुट्टीच्या दिवशीच फिरायला निघणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदारांना यासाठी एखादी रजा टाकावी लागेल, आणि ती टाकावीच.

याच काउंटीतील स्ट्राँग सिटी या गावाच्या उत्तरेला दोन मैलांवर स्प्रिंग हिल रँच आहे. गुरांच्या व्यापारावर गबर झालेल्या स्टीफन जोन्स यांनी १८८१ साली येथे टेकडीच्या उतारावर दगडी घर बांधले. घर देखणे आहे, पण मला विचाराल तर शेजारचा तीन मजली दगडी गोठा त्याहून सरस आहे. वैरणीची गाडी सरळ वरच्या मजल्यात नेता यावी म्हणून केलेले चढ पाहिले की बांधणाऱ्याने आधी कामाचा विचार केला आणि मग थाटाचा, हे लक्षात येते. तीन बैठकांचे दगडी शौचकूप मात्र थाटातच मोडते! हा परिसर आता टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राचा भाग असून प्रवेशशुल्क नाही. ही जमीन नांगराखाली गेली नाही, कारण मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडी व गारगोटी. म्हणूनच शेतीऐवजी गुरे आली, आणि तोच दगड घरांना, गोठ्यांना व कुंपणांना मिळाला. जवळच टेकडीवर १८८२ सालची एकखोली शाळा आहे. तिथवरची पायवाट सुखद असली तरी सावली नावालाही नाही, तेव्हा उन्हाळ्यात सकाळीच निघावे आणि पाणी सोबत ठेवावे.

काउंटीतल्याच क्लेमेंट्स या वस्तीजवळ कॉटनवुड नदीवरील दोन कमानींचा दगडी पूल १८८०च्या दशकातील आहे. तो आता फक्त पायी ओलांडता येतो. काळ्या पाषाणाच्या घाटांना आणि पुलांना सरावलेल्या मराठी नजरेला हा पिवळसर, उजळ दगड आरंभी जरा नवखा वाटतो. कमानीच्या पोटाशी जाऊन दगडांची जुळणी पाहिली की ते नवखेपण सरते.

एक बाब आधीच जाणून घेतलेली बरी. १९६६च्या कायद्याने सुरू झालेली ही नोंदवही म्हणजे पर्यटकांसाठी केलेली यादी नव्हे. नोंद झालेले घर खासगी असेल तर मालक आपल्याला फाटकाशीच थांबवू शकतो. इतकेच नव्हे, तर केंद्र सरकारचा पैसा वा परवाना गुंतलेला नसेल आणि स्थानिक नियम आड येत नसतील, तर तो ते पाडूही शकतो. भिंतीवरील पितळी पाटीमुळे वास्तूला अभय मिळते, असा आपला समज असतो. येथे ती पाटी सन्मानाची आहे, संरक्षणाची नाही. त्यामुळे यादी हातात घेऊन प्रत्येक नोंद गाठण्याचा हट्ट धरू नये. एकच दिवस हाताशी असेल, तर कामकाजाच्या दिवशी सकाळी रँच व शाळा, दुपारी न्यायालय, आणि उजेड उरला तरच पूल, असा क्रम ठेवावा.