घरी ओतलेली कढई की बाजारातली?

भंगारातले ॲल्युमिनियम घरी वितळवून कढई किंवा तवा ओतता येतो, कारण हा धातू ६६० अंश सेल्सिअसलाच वितळतो आणि तेवढी उष्णता कोळशाच्या लहान भट्टीतही मिळते. मात्र ही सोय ओतणाऱ्याच्या उपयोगाची आहे. त्या कढईत जेवण शिजवणाऱ्याने वेगळा हिशेब मांडायला हवा.

ओतताना होणाऱ्या अपघातांपासून काळजी घेऊन बरेचसे वाचता येते. मूस (धातू वितळवायचे भांडे), चिमटा आणि साचा पूर्ण कोरडे नसतील, तर अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन तिचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि वितळलेला धातू अंगावर उडतो. सिमेंटच्या फरशीतही ओलावा मुरलेला असतो, त्यामुळे तिच्यावर ओतकाम करू नये, कोरड्या वाळूचा जाड थर पसरावा. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले खिळे-बोल्ट राहिले, तर त्यांच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

खरा प्रश्न शिशाचा आहे. ते वितळवल्याने उडून जात नाही आणि वरची मळी काढून टाकली तरी धातूत उरते. इंजिनाचे भाग, रेडिएटर आणि लेथवर सहज कापले जावेत म्हणून मुद्दाम शिसे घातलेले काही मिश्रधातू एकत्र वितळवले, की अंतिम मिश्रणात नेमके काय उतरले हे नुसत्या डोळ्यांनी कोणालाही सांगता येत नाही. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो घालून आमटी उकळली, की ते शिसे थोडे थोडे अन्नात उतरते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा देशांतली, मुख्यतः भंगारापासून केलेली ४२ भांडी तपासली असता एक तृतीयांशाहून अधिक भांडी शिशाच्या दृष्टीने धोकादायक आढळली. मुलांच्या रक्तातल्या शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

केवळ स्लायडिंगच्या खिडक्यांचे स्वच्छ तुकडे वापरले तर? धोका नक्कीच कमी होतो, कारण त्या पट्ट्यांच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियमखेरीज मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. तरी प्रयोगशाळेतून तपासणी केल्याशिवाय मी त्यात स्वयंपाक करणार नाही, आणि त्या तपासणीच्या खर्चात बीडाची कढई सहज येईल.

बाजारातली प्रत्येक कढई निर्धोक असते असेही नाही. शिक्का नसलेली ओतीव भांडी याच जातीच्या भंगारातून आलेली असू शकतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही हिंदालियम (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) भांड्यांतून शिसे उतरत असल्याचा इशारा दिला. जर्मनची भांडीच हवी असतील, तर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावीत. आंबट पदार्थांसाठी स्टेनलेस स्टील बरे. घरच्या भट्टीचा छंद असेल, तर त्यातून दाराच्या मुठी, कुंड्या किंवा कागददाब खुशाल ओतावेत.