टायमिंग बेल्ट बदलून घेतला आणि पाच महिन्यांत इंजिनाचे हेड उतरवावे लागले : वागळे इस्टेटमधील एका गॅरेजचा अनुभव

ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, तिथे माझी 2015 सालची डस्टर डिझेल चार वर्षे नियमितपणे जात होती. सस्पेन्शनचे बुश, क्लचप्लेट, एसीचा कंडेन्सर ही कामे त्यांनी व्यवस्थित केली, सांगितलेल्या दिवशी गाडी दिली आणि दरही वाजवी लावले, हे आधी नमूद करणे मला आवश्यक वाटते. कारण त्याच विश्वासावर मी टायमिंग बेल्टचे काम त्यांच्याकडे सोपवले आणि ते होत असताना एकदाही समोर उभा राहिलो नाही.

गाडी 96,200 किलोमीटर चालली असताना, नोव्हेंबरमध्ये हे काम झाले. बिल 16,800 रुपयांचे होते आणि त्यावर ‘टायमिंग किट, वॉटर पंप, कूलंट, लेबर’ असे स्पष्ट लिहिलेले होते. जुना बेल्ट त्यांनी एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. बाकीचे जुने पार्ट मी मागितले नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी गाडी सुरू केल्यावर उजव्या बाजूने बारीक घरघर ऐकू येऊ लागली. मी लगेच फोन केला, तेव्हा फोरमन म्हणाले, “फॅन बेल्टचा आवाज असेल साहेब, पुढच्या सर्व्हिसला बघू.” गाडी एकदा आणून दाखवा, एवढेही ते म्हणाले नाहीत. त्यानंतर चौथ्या दिवशी आईला बोरिवलीहून घेऊन येताना, घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ संपल्यावर, इंजिन एकाएकी बंद पडले, स्टिअरिंग जड झाले आणि मागून अवजड ट्रक येत असताना उरलेल्या वेगावर मी गाडी कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नेहमीसारखा दम न लावता अगदी हलका, सरसर फिरला. तो आवाज ओळखीचा नसलेल्यांसाठी सांगतो : बंद पडलेल्या गाडीत स्टार्टर असा मोकळा फिरला तर पुन्हा किल्ली फिरवू नये. बेल्ट तुटलेला असेल, तर प्रत्येक प्रयत्नात पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांवर, आदळू शकतात.

या इंजिनात एकच दातेरी बेल्ट, म्हणजे टायमिंग बेल्ट, क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो दांडा), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप यांना एकत्र बांधून ठेवतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो, आणि हा मेळ दात्यांवर टिकतो. बेल्टला ताण देणारी चाकी, म्हणजे टेन्शनर, तिच्या बेअरिंगमध्ये अडकली की नवाकोरा बेल्टही तिच्यावर घासून तापतो आणि त्याचे दाते निघतात. म्हणूनच बेल्टबरोबर टेन्शनर आणि पंपही बदलायचे असतात. किट म्हणतात ते यासाठीच.

गाडी टो करून आधी त्याच गॅरेजमध्ये नेली. वरचे कव्हर काढून पाहिल्यावर मालक म्हणाले, “बेल्ट रबराचा असतो, त्याची गॅरंटी कोणी देत नाही.” हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याचा पूर्ण खर्च मीच करावा, असे त्यांचे म्हणणे पडले. मी गाडी तिथून उचलून ऐरोली पुलावरून रबाळे एमआयडीसीतील एका डिझेल मिस्त्रींकडे नेली.

तिथे मी दिवसभर थांबलो. मिस्त्रींनी वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक पार्ट मांडला : सात-आठ दाते साफ निघालेला बेल्ट, एका बाजूने निळसर पडलेला टेन्शनर आणि आठपैकी सहा वाकलेले व्हॉल्व्ह. टेन्शनर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि फिरवून बघायला सांगितले. तो अर्धा फेरा करकरत गेला आणि अडकला. त्यावर कोरलेली तारीख 2015 सालची होती. वॉटर पंपही मूळचाच होता. म्हणजे 16,800 रुपयांच्या बिलात जे किट लिहिले होते, त्यातला फक्त बेल्ट माझ्या गाडीत बसवला गेला होता. हे जाणूनबुजून झाले की घाईत, ते मी सांगू शकत नाही; मात्र न बसवलेल्या पार्टचे पैसे माझ्याकडून घेतले गेले, ही गोष्ट निर्विवाद आहे आणि मला त्या पैशांपेक्षा आई त्या रस्त्यावर गाडीत बसलेली होती याचा राग अधिक आहे.

रबाळ्यातील काम मात्र पाहण्यासारखे होते. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट दोन्ही पिन घालून पक्के केल्याशिवाय त्यांनी बेल्टला हात लावला नाही. टेन्शनरचा काटा खुणेवर आणून, टॉर्क रेंचने बोल्ट आवळून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले आणि काटा जागेवर आहे का हे पुन्हा तपासले. हेड लेथवर पाठवून व्हॉल्व्ह, गाइड आणि गॅस्केट नवे घातले. अकरा दिवस आणि 68,000 रुपये लागले. प्रत्येक नव्या पार्टचे खोके त्यांनी मला दिले आणि तुटण्याचे कारण काय, हे लेटरहेडवर सहीनिशी लिहून दिले.

तो कागद आणि टेन्शनर घेऊन मी वागळे इस्टेटला परत गेलो. मालकांनी तारीख पाहिली, थोडा वेळ गप्प राहिले आणि पुढच्या सर्व्हिसचे लेबर माफ करण्याची तयारी दाखवली. मी ती नाकारली आणि रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. त्यानंतर 16,800 रुपये खात्यात परत आले, पण 68,000 रुपयांबद्दल लेखी उत्तर आले नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अशा सेवेतील त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यानुसार मी ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली असून तिच्यासोबत बिल, सहीचा कागद आणि वर्तमानपत्रावर मांडलेल्या त्या पार्टची छायाचित्रे जोडली आहेत. टेन्शनर पिशवीत बंद करून घरी ठेवला आहे. सुनावणीत लागला तर तोच दाखवेन.